जबानीतून गाळलेलं वाक्य

मार्चच्या तिसऱ्या रविवारी, सकाळची उपासना संपल्यावर, मी बरखेड्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची बधिर सेवा सोडली. नऊ वर्षं हे काम केलं होतं. घोषणा पाळकांनी केली. ती खुणांच्या भाषेत मीच सांगितली, कारण सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

बधिर सेवा म्हणजे चर्चच्या मागची एक लांबट खोली, एरवी मुलांच्या संडे स्कूलची. दर रविवारी तिथे सोळा-सतरा माणसं जमत. बहुतेक कारखान्यातले कामगार, त्यांच्या बायका, पिपलानीहून येणाऱ्या दोन शिवणकाम करणाऱ्या बहिणी आणि एक म्हाताऱ्या आजी. निम्मे ख्रिस्ती नव्हते. हिंदी मुलखातल्या त्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये खुणांनी बोलणारी माणसं एकत्र बसतील अशी दुसरी जागा नव्हती, म्हणून ते येत. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडायच्या, बोलणाऱ्याच्या मागे खिडकी येऊ द्यायची नाही, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. सगळ्यांचं लक्ष हवं असेल तर ट्यूबलाइटचं बटण दोनदा बंद-चालू करायचं. प्रार्थना डोळे उघडे ठेवून. नवे पाळक आले तेव्हा पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं होतं, "हे लोक डोळे का मिटत नाहीत?" मी म्हटलं, "मिटले तर प्रार्थना ऐकणार कशी?" ते हसले. त्यांनीच नंतर ही गोष्ट दोन-तीन प्रवचनांत सांगितली.

रविवार हा कामाचा लहान भाग होता. बाकीचे दिवस दवाखाना, बँक, शाळेतली पालकसभा, लग्नाची बोलणी. जिथे बोलावलं तिथे जायचं आणि दोन्ही बाजूंच्या मधे उभं राहायचं. दुभाष्याचा एक नियम असतो. समोरचा जे म्हणेल ते 'मी' म्हणून सांगायचं. तो म्हणाला 'माझं डोकं दुखतं', तर आपणही म्हणायचं 'माझं डोकं दुखतं'. त्यात आपलं काही घालायचं नाही, त्यातलं काही काढायचं नाही.

हा नियम मला माहीत होता. मी तो पाळत नव्हते.

सुरुवातीच्या काळातल्या पाळकांनी मला शिकवलं होतं की हातांवर आलेला सगळा राग तोंडात आणायचा नसतो. नवरा-बायकोचं भांडण मिटवायला ते दोघांना समोरासमोर बसवत. नवरा बधिर, बायको ऐकणारी. नवरा हात आपटत सांगे, 'तुझी आई माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलते आणि तू हसतेस.' मी म्हणे, "त्यांना वाटतं की घरात त्यांना जरा बाजूला ठेवलं जातं." बायको रडे, नवरा नरमे, पाळक दोघांच्या डोक्यावर हात ठेवत. डॉक्टर खेकसले की मी खुणांत 'डॉक्टर घाईत आहेत' असं सांगे. लोक म्हणत, ही आली की कामं होतात. मंडळीच्या वार्षिक अहवालात 'समेटाची सेवा' असा शब्द आला होता. आजींना मात्र हे कळत असावं. एकदा बँकेतून बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं आणि खुणा केल्या, 'मी त्याला एवढ्या शिव्या दिल्या आणि तो चहा मागवतो? तू काय सांगितलंस ग त्याला?'

मी हसून विषय बदलला.

आमच्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर दादा राहत. ते उज्जैनच्या मराठी घरातले, जन्मापासून बधिर, अपंगांसाठी राखीव जागेवर कारखान्यात लागलेले. ख्रिस्ती नव्हते, पण खोलीत सर्वांत आधी येऊन खुर्च्या तेच मांडत. त्यांची बायकोही बधिर. माझे वडील त्याच कारखान्यात टर्नर होते, ते गेल्यावर क्वार्टर आईच्या नावावर राहिलं. आई टाउनशिपच्या शाळेत कारकून होती. ती ऑफिसातून येईपर्यंत मी जिन्यात बसे आणि पहिल्या पाळीहून परतलेले दादा पायरीवर बसून मला खुणा शिकवत. कावळा, भोंगा, सायकल, उशीर. मी सात वर्षांची होते. माझ्या डाव्या भुवईवर पडल्याची खूण आहे. दादांनी तीच माझं नाव केली, डाव्या भुवईवरून एक बोट आडवं फिरवायचं. असं नाव बधिर माणसानेच द्यायचं असतं, ऐकणाऱ्याला ते स्वतःहून घेता येत नाही. पुढे सगळी खोली मला त्याच नावाने ओळखू लागली.

ऑगस्टमध्ये कारखान्यात, दादा काम करत त्या शॉपमध्ये, तांब्याची एक मोठी कॉइल ट्रॉलीवरून घसरली आणि ठेक्यावरच्या एका मजुराचा पाय तिच्याखाली सापडला. ट्रॉली सरकू नये म्हणून चाकाखाली लावायचा लाकडी गुटका लावलेला नव्हता. सुपरवायझरचं म्हणणं, त्याने दादांना गुटका लावायला सांगितलं होतं. दादांना आरोपपत्र मिळालं. आदेश न पाळणं आणि त्यामुळे झालेला अपघात.

नोव्हेंबरमध्ये खात्यांतर्गत चौकशी बसली. कारखान्याने मंडळीला पत्र लिहून दुभाषी मागितला. पत्र नव्या पाळकांच्या टेबलावर होतं. ते म्हणाले, "चौकशी करणाऱ्या साहेबांशी माझं बोलणं झालंय. माणूस चांगला आहे. तुमचे दादा तिथे हुज्जत घालत बसले तर प्रकरण वाढेल. माफीचा सूर राहू दे. ताकीद देऊन मिटेल."

"ते माफी मागणार नाहीत," मी म्हटलं.

"तुम्ही आहात ना."

चौकशी प्रशासकीय इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे चौकशी अधिकारी, बाजूला कारखान्याची बाजू मांडणारे एक अधिकारी, टाइपरायटरवर एक बाबू. अलीकडे दादा, त्यांच्या मदतीला युनियनचे एक बुजुर्ग कामगार, आणि मी. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकी अधिकाऱ्यांच्या मागे होती. दादांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. खुर्च्या फिरवून घ्या, हे सांगायचं मी विसरले नव्हते. सांगायला संकोच वाटला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "सुपरवाइज़र ने गुटका लगाने को कहा था?"

मी खुणांत विचारलं. दादांनी लगेच उत्तर दिलं. 'नाही. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. क्रेनवाल्याशी बोलत होता. तोंड दिसलं नाही. मला कोणी काही सांगितलं नाही. तो खोटं बोलतोय.'

मी म्हटलं, "साहब, उनकी पीठ मेरी तरफ थी। हो सकता है उन्होंने कहा हो और मैं समझ न पाया हूँ। जो हुआ उसका मुझे बहुत अफ़सोस है।"

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. ते बाबूला म्हणाले, "लिखिए।" आणि त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं, बाबूने टाइप केलं. युनियनचे काका माझ्याकडे बघत होते. त्यांना खुणा येत नव्हत्या. पण दादांचे हात कसे चालले होते आणि माझा आवाज कसा होता, यातलं अंतर त्यांना दिसलं असावं. ते एवढंच म्हणाले, "बिटिया, इसने इतना ही बोला?"

"हाँ, काका।"

मग जबानी वाचून दाखवली गेली. आदेश दिया गया था, मैं समझ नहीं पाया, मुझसे चूक हुई, मुझे खेद है. पाठीचा उल्लेख त्यात नव्हता. ते मला ऐकू आलं. दादांनी कागदाकडे बघितलं. बधिर मुलांच्या शाळेत त्यांना आठवीपर्यंत शिकवलं होतं, पण त्यातून त्यांना स्वतःचं नाव, पत्ता आणि कारखान्यातले फलक एवढंच वाचता येई. त्यांनी मला विचारलं, 'तो पाठ करून उभा होता, हे लिहिलं?'

मी मान हलवून होकार दिला.

त्यांनी तिन्ही पानांवर सही केली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आदेश आला. दोष स्वतःच्या जबानीवरून सिद्ध. सेवेतून काढून टाकण्यात येत आहे. अपिलाला दीड महिन्याची मुदत. आदेशाला जबानीची प्रत जोडलेली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी दादा आमच्याकडे आले. आई पोळ्या करत होती. युनियनच्या काकांनी दुपारभर बसून त्यांना जबानीतला एकेक शब्द दाखवला होता. कारखान्यात ज्या वस्तू समोर होत्या त्या बोटाने, बाकीच्या चित्र काढून. कागदाच्या समासात पेन्सिलीने काढलेली छोटी चित्रं होती. गुटका, ट्रॉली, एक माणूस. माणूस समोरून काढलेला होता. दादांनी कागद ओट्यावर ठेवला, त्या माणसावर बोट ठेवलं आणि मला खुणेने विचारलं.

आई म्हणाली, "काय म्हणतोय गं तो?"

"विचारतायत, पाठ कुठे आहे."

"कसली पाठ?"

दादांनी पुन्हा विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते काय म्हणाले होते, मी काय म्हटलं, काय लिहिलं गेलं, वाचताना मी काय ऐकलं. त्यांनी मधे थांबवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, 'आणि याआधी? दवाखान्यात? माझ्या लग्नात?'

'तेव्हाही,' मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी घातली. आईने गॅस बंद केला आणि म्हणाली, "पोळी खाऊन जा म्हणावं." मी ते सांगितलं. ते थांबले नाहीत.

मी माझ्या हाताने लिहून द्यायचं ठरवलं, की दुभाषी म्हणून मी चुकीचं सांगितलं, दादांनी चूक कबूल केलेली नव्हती. पण मला मंडळीने पाठवलं होतं, कारखान्याच्या पत्राला मंडळीच्या लेटरहेडवर उत्तर गेलं होतं. म्हणून मी आधी समितीकडे गेले. ही दुसरी चूक. समितीतले निम्मे लोक कारखान्यातले अधिकारी होते.

बैठक उपासनेनंतर झाली. चहा होता, केक होता. मी बोलले तेव्हा कोणी अडवलं नाही. मग एक निवृत्त इंजिनियर म्हणाले, "म्हणजे आपणच लिहून द्यायचं की आपली दुभाषी खोटं बोलते? उद्या हॉस्पिटलवाले बोलावतील आपल्याला?"

"खोटं असं नाही," पाळक म्हणाले, "नरम केलं तिने."

"तेच ते."

सगळ्यांत तरुण सभासद, मंडळीतले वकील, माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही दुभाषी आहात की वकील, ते आधी ठरवा. माझ्या पोटावर पाय कशाला?" दोघे-तिघे हसले.

पाळक म्हणाले, "नाताळ तोंडावर आहे. बधिर गटाचं गायन आहे. नाताळ होऊ द्या, मग शांतपणे प्रार्थनापूर्वक ठरवू."

मी थांबले. नाताळच्या कार्यक्रमात खोलीतल्या मंडळींनी लाकडी प्लॅटफॉर्मवर पाय आपटून ताल धरला आणि खुणांनी तीन गाणी म्हटली. लोकांनी हात वर करून हलवले, बधिरांसाठी टाळ्या अशाच असतात हे आता सगळ्या मंडळीला माहीत होतं. दादा आणि त्यांची बायको आले नव्हते. युनियनच्या काकांनी अपील मुदतीत दाखल केलं. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, दुभाषी का काग़ज़ कब मिलेगा. मी दोन्हीदा सांगितलं, पुढच्या रविवारी.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात समितीने मसुदा तयार केला. 'संवादात काही प्रमाणात गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' मी तो वाचला. असंच वाक्य मी नऊ वर्षं तोंडाने तयार करत होते. मी त्यावर सही केली नाही. त्या रात्री साध्या कागदावर हिंदीत माझं निवेदन लिहिलं, सकाळी प्रशासकीय इमारतीत दिलं आणि आवक-जावक खिडकीवर शिक्का मारून घेतला. शिक्क्यावरची तारीख अपिलाची मुदत संपल्यानंतरची होती.

फेब्रुवारीच्या शेवटी अपील फेटाळलं गेलं. दुभाष्याचं निवेदन मुदतीनंतर आलं असून कर्मचाऱ्याने जबानीवर स्वतः सही केली आहे, म्हणून ते विचारात घेता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. युनियनच्या काकांनी मला ते पत्र जिन्यात उभं राहून वाचून दाखवलं. म्हणाले, "लेबर कोर्ट जाएँगे। बरसों लगेंगे।" आणि वर गेले.

मी पाळकांना राजीनामा दिला. कारण लिहिलं, 'माझ्यावर विश्वास ठेवावा असं काम मी केलेलं नाही.' त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हे असं वाचून दाखवता येणार नाही."

मार्चच्या तिसऱ्या रविवारी ते वेदीशेजारी उभे राहिले. बधिर मंडळी त्या दिवशी मुख्य सभागृहात, डावीकडच्या पहिल्या दोन बाकांवर होती. दादा शेवटी, दाराशी उभे होते. पाळक म्हणाले, "आपल्या बहिणीने नऊ वर्षं विश्वासूपणे सेवा केली. आता प्रभू तिला एका नव्या ऋतूत नेत आहे. आपण कृतज्ञ आहोत."

मी ते जसंच्या तसं खुणांत सांगितलं. 'पाळक म्हणतात' असं आधी जोडलं.

पुढच्या बाकावरून आजींनी विचारलं, 'कुठला ऋतू?'

'नवा.'

'उन्हाळा येतोय. कूलर घेऊन जा.' बाकावरचे तिघे-चौघे हसले. सभागृहाला ते ऐकू गेलं नाही. पाळकांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, उन्हाळा येतोय, कूलर घेऊन जा."

सभागृह हसलं. मग मी पाळकांना विचारलं की मला दोन वाक्यं बोलता येतील का. ते हो म्हणाले. मी तोंडाने काही बोलले नाही. खुणांत सांगितलं, दादांच्या चौकशीत मी त्यांचं वाक्य गाळलं. तुमचीही गाळली आहेत. दवाखान्यात, बँकेत, घरात. पाळक वाट बघत होते. "मराठीतही सांगा," ते म्हणाले. मी सांगितलं. सभागृहात कोणी खोकलं. पाळकांनी लगेच प्रार्थना सुरू केली. बहुतेकांनी डोळे मिटले. डावीकडच्या दोन बाकांनी मिटले नाहीत, पण प्रार्थना त्यांना कोणी सांगत नव्हतं. मी हात खाली केले होते.

दाराशी दादांच्या शेजारी पिपलानीच्या बहिणींतली थोरली उभी होती. तिने खुणेने विचारलं, कोण सोडून जातंय, उशीर झाला, मला कळलं नाही. दादांनी उत्तर दिलं. त्यांनी भुवईवरून बोट फिरवलं नाही. कानापाशी बोट नेऊन कोणाही ऐकणाऱ्या माणसासाठी असते ती खूण केली. ऐकणारी.

एप्रिलमध्ये एका हिंदी दैनिकात मला शिकाऊ उपसंपादकाची जागा मिळाली. शहरातल्या शिवाजी नगरमध्ये एका सरकारी क्वार्टरच्या मागची खोली भाड्याने घेतली. डेस्कवरच्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "जो बोला वो लिखो। जो नहीं बोला वो मत लिखो। बस, यही नौकरी है।" आई बरखेड्यातच राहिली. तिच्याकडून कळलं की दादांना क्वार्टर सोडायची नोटीस आली आहे आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताबा द्यायचा आहे.

त्या दिवशी मी सुट्टी घेतली. दुपारी दोनच्या सुमारास बरखेड्यात दादांकडे वर गेले. सामान टेम्पोत गेलं होतं. दादांची बायको खिडकीच्या गजाला बांधलेली कपड्यांची दोरी सोडत होती. क्वार्टरं सांभाळणाऱ्या संपदा विभागाचा कारकून फॉर्म घेऊन आला होता. मला दारात बघून तो दादांकडे वळला, माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाला, "ये आपके साथ हैं? बात करवाने के लिए?"

दादांनी त्याच्या ओठांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. नाही.

मी दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले.

दादांनी कारकुनाला खिडकीच्या समोर उभं केलं, त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं. मग फॉर्म हातात घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. कारकुनाने ओळ वाचली. दादांनी मान हलवली, त्याला ती वस्तू दाखवायला लावली. कारकुनाने नळ दाखवला. दुसरी ओळ. कडी. तिसरी ओळ. खिडकीची काच. कारकून घड्याळाकडे बघत होता. "अरे भाई, साइन कर दो, सबका ऐसा ही होता है।" दादा त्याच्या ओठांकडे बघत राहिले आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. अकराव्या ओळीत पंखे दोन लिहिले होते. घरात पंखा एक होता. दादांनी छताकडे बोट केलं, एक बोट वर केलं, आणि फॉर्म परत दिला. कारकुनाने दोन खोडून एक लिहिलं. दादांनी खोडलेल्या जागेवर त्याची सही मागितली. त्याने केली.

तीन वाजून दहा मिनिटांनी दादांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. कारकुनाने ती वाचली. मग त्यांनी सही केली.